मृतांचे नाव कोणी घ्यायचे?

मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यात वाकेचुला नावाचे गाव आहे. तिथे ज्या घरातले कोणी गेल्या वर्षभरात गेले असेल, त्या घराचे दार नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सताड उघडे असते. आत पांढऱ्या सॅटिनने मढवलेली, टप्प्याटप्प्यांनी छतापर्यंत चढत गेलेली आरास असते. खालच्या टप्प्यावर गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, पण पाहणाऱ्याकडे पाठ करून; पुढ्यातल्या आरशात त्याचे प्रतिबिंब तेवढे दिसते. माणूस आता समोरासमोर भेटायचा नाही, हे त्या आरशाइतके नेमकेपणाने सांगणारी दुसरी मांडणी मला ठाऊक नाही. येणाऱ्याने एक मेणबत्ती आणायची, आरशासमोर थोडे थांबायचे, घरचे देतील तो पाव, मोले आणि गरम चॉकलेट घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. तो नातेवाईक असावा लागत नाही, ओळखीचाही असावा लागत नाही. घरचे दुःख घरातच राहावे असे मानणाऱ्याला ही रीत खटकेल. आपल्या मेलेल्या बापाच्या फोटोसमोर परक्या माणसाने उभे राहून करायचे काय? या एका प्रश्नाचा छडा लावला, तर ‘दिया दे मुएर्तोस’, म्हणजे मृतांचा दिवस, आज मेक्सिकोत आणि अमेरिकेत चौकांत, बागांत, संग्रहालयांत एवढ्या गाजावाजाने साजरा होतो, त्याला धर्म म्हणायचे की देखावा, याचाही निकाल लागतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मृताची आठवण ही एक प्रकारची साक्ष असते. हा माणूस आपल्यात होता, त्याने अमुक केले, त्याला तमुक आवडायचे, अशी ती साक्ष. आणि साक्ष ज्यांना सगळे आधीच ठाऊक आहे त्यांच्यापुढे देऊन भागत नाही. ती ऐकायला चार परकी माणसे लागतात. वाकेचुलातला अनोळखी पाहुणा नेमके हेच काम करायला आलेला असतो. म्हणून मृतांचा उत्सव घरातून चौकात आला म्हणजे तो भ्रष्ट झाला, हे मला पटत नाही. चौकात येणे त्याच्या स्वभावातच आहे. अट एकच: चौकात आल्यावरही तिथे कोणा खऱ्याखुऱ्या मृताचे नाव घेतले गेले पाहिजे. नाव गेले की उरते ती जत्रा.

घरातली आरास, जिला तिकडे ‘ओफ्रेंदा’ म्हणतात, तीच मुळात किती लोकांसाठी मांडलेली असते ते पाहण्यासारखे आहे. टेबलावर पाण्याचा पेला, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागलेली असणार, मीठ, कोपालचा धूप, ‘पान दे मुएर्तो’ हा हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोलसर पाव, कातरकाम केलेल्या रंगीत कागदाच्या पताका, गेलेल्याला आवडणारी सिगारेट, बिअरची बाटली किंवा मुलाचे खेळणे. दारापासून आरासीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे आत्म्याला घर सापडावे. (आपण दसऱ्याला ज्याची तोरणे बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिकडे त्याला सेंपासुचिल म्हणतात.) अनेक भागांत दिवसांची वाटणी ठरलेली असते: अपघातात किंवा हिंसेत गेलेल्यांसाठी 28 ऑक्टोबर, लहान मुलांसाठी 1 नोव्हेंबर, मोठ्यांसाठी 2 नोव्हेंबर. आणि पुष्कळ घरांत घरच्या माणसांच्या मेणबत्त्या लावून झाल्या की एक जास्तीची मेणबत्ती लावतात. ती असते ‘आनिमा सोला’साठी, म्हणजे ज्याच्यासाठी दिवा लावणारे कोणीच उरलेले नाही अशा एकाकी आत्म्यासाठी. ही मेणबत्ती मला या सबंध विधीचा कणा वाटते. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही, ज्याचे नावही माहीत नाही, त्याचे देणे आपण लागतो असे ती मेणबत्ती कबूल करते. आपल्या तर्पणातही निपुत्रिकांना आणि ज्यांचे कोणी नाही अशांना पाणी देण्याची सोय आहे, सर्वपित्री अमावास्या तिथी ठाऊक नसलेल्यांनाही सामावून घेते. पण आपल्याकडे विधीचा भर गोत्र, कर्ता आणि तीन पिढ्या यांवरच राहिला. मेक्सिकोतल्या गावांनी तोच भर शेजाऱ्यावर आणि वाटसरूवर नेला.

हा विधी गाव मिळून करते, याचा पुरावा स्मशानात मिळतो. मेक्सिको शहराच्या आग्नेय टोकाला मिश्किक नावाचे जुने गाव आहे, आता ते शहरातच गणले जाते. 31 ऑक्टोबरला दुपारी बारा वाजता तिथल्या चर्चची घंटा वाजते, ती बाळगोपाळांच्या आत्म्यांचे स्वागत म्हणून. 2 नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळे गाव चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत जमते. कबरी आधीच घासूनपुसून, फुलांनी सजवून झालेल्या असतात, आणि अंधार पडता पडता हजारो मेणबत्त्या पेटतात. दक्षिणेला कांपेचे राज्यातल्या पोमुच या माया लोकांच्या गावी याच्याही पुढची रीत आहे. दफनानंतर तीनेक वर्षांनी हाडे बाहेर काढून लाकडी पेटीत ठेवतात, आणि दर वर्षी या दिवसांच्या आधी घरचे लोक ती एकेक करून मऊ फडक्याने पुसतात, खालचे भरतकाम केलेले वस्त्र बदलतात, कवटी सगळ्यांत वर ठेवतात आणि पेटीचे झाकण उघडेच राहू देतात. हे काम भर दिवसा, शेजारपाजाऱ्यांच्या देखत चालते. हाडे पुसणाऱ्या बाईला मृत्यूची भीती वाटत नाही, असे त्यावरून कोणी म्हणू नये. तिला एवढेच वाटते की हा माणूस अजून तिच्या जबाबदारीतून सुटलेला नाही, आणि गावाने ते पाहावे.

पहिला आक्षेप आपल्याच परंपरेत तयार आहे. श्राद्धाने मेलेल्याचे पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच जेवू घातले की त्याला पोहोचेल, असा सवाल चार्वाकांच्या नावावर सांगितला जातो. ग्रीसमध्ये एपिक्युरसने तेच वेगळ्या अंगाने मांडले: आपण आहोत तोवर मृत्यू नाही, मृत्यू आला की आपण नाही, मग मेलेल्याचे कोणी भले किंवा बुरे करणार ते कुठे? हा युक्तिवाद सोपा आहे म्हणून तो टाळून पुढे जाता येत नाही. मृताला भूक लागत नाही, हे मला मान्य आहे. ओफ्रेंदा मांडणाऱ्या कित्येक मेक्सिकन माणसांनाही ते मान्य असते. आत्मे खरेच येतात का, असे विचारले तर तिकडे एकाच घरात तीन उत्तरे मिळू शकतात. पण एपिक्युरसचा तर्क शेवटपर्यंत नेला तर प्रेताची विटंबना हा गुन्हा उरत नाही, मृत्युपत्र पाळण्याचे कारण उरत नाही, मेलेल्यावर खोटे आळ घेण्यात गैर काही उरत नाही. आपण मात्र या तिन्ही गोष्टी गैर मानतो, आणि त्या केवळ जिवंत नातेवाइकांचे मन दुखावते म्हणून नव्हे. नातेवाईक नसलेल्या माणसाचे मृत्युपत्रही आपण फाडून टाकत नाही. याचा अर्थ असा की जिवंत असताना माणसाचे जे हक्क असतात, त्यांतले काही त्याच्या मरणाने संपत नाहीत. त्यांतला सगळ्यांत साधा हक्क म्हणजे तो होऊन गेला हे नाकारले जाऊ नये. आरासीवरचा पाव मृताने खाल्ला नाही तरी तो पाव अमक्यासाठी ठेवला आहे हे वाक्य खरेच राहते, आणि त्या वाक्यातच विधीचे सारे वजन आहे. चार्वाकाचा प्रश्न अन्न पोहोचते की नाही हा आहे. ओफ्रेंदाला त्याचे उत्तर द्यावेच लागत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. हा उत्सव अस्तेक लोकांचा तीन हजार वर्षांचा वारसा आहे असे पर्यटनाची माहितीपत्रके बेधडक छापतात. ते जसेच्या तसे खरे नाही. अस्तेक साम्राज्यच मुळी पंधराव्या-सोळाव्या शतकातले. नोव्हेंबरच्या तारखा तर सरळ युरोपातून आल्या: क्लुनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला आणि तो हळूहळू साऱ्या कॅथलिक जगाचा झाला. गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती कुटुंबे त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्या याच दिवसामुळे. हाडांच्या आकाराची मिठाई स्पेनमध्येही होते. मेक्सिकन इतिहासकार एल्सा माल्विदो यांनी तर हा उत्सव मुळात मध्ययुगीन युरोपीयच आहे असे ठासून मांडले. दुसऱ्या बाजूला सोळाव्या शतकातल्या दिएगो दुरान या धर्मोपदेशकाची नोंद आहे. मेक्सिकोचे मूळ रहिवासी सर्व संतांच्या दिवशी मेलेल्या मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी नैवेद्य ठेवतात हे त्याने पाहिले, आणि हे आपले जुने उन्हाळी सण नव्या तारखांखाली लपवत असावेत असा संशय त्याला आला. म्हणजे चर्चने तारीख दिली आणि लोकांनी तिच्यात आपले काही भरले. किती कोणाचे, याचा हिशेब अभ्यासक लावत राहतील आणि तो लागला पाहिजे. पण मूळ शुद्ध नाही म्हणून कर्तव्य खोटे, हे अनुमान चुकीचे आहे. दोन परंपरांतून आलेला माणूस जसा खोटा ठरत नाही, तसाच विधीही ठरत नाही.

याहून बोचरा आक्षेप राष्ट्रवादाचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला स्वतःची ओळख घडवायची होती, आणि विसाव्या शतकात मृत्यूशी हसतखेळत राहणारा मेक्सिकन माणूस ही प्रतिमा पद्धतशीर उभी राहिली. कवी ओक्ताव्यो पाझ यांच्या 1950 सालच्या निबंधग्रंथाने तिला साहित्यिक प्रतिष्ठा दिली. क्लाउदियो लोम्नित्स आणि स्टॅन्ली ब्रँडिस या मानववंशशास्त्रज्ञांनी ही प्रतिमा तपासली तेव्हा तिच्यामागे छापखाने, सरकार आणि पर्यटन खाते दिसले. मिचोआकान राज्यात पात्स्क्वारो सरोवराकाठी पुरेपेचा लोकांची दफनभूमीतली रात्र 1970 च्या दशकापासून सरकारी जाहिरातीचा विषय झाली, आणि आज तिथल्या काही गावांत कबरींपेक्षा कॅमेरे जास्त दिसतात. युनेस्कोने 2003 मध्ये गौरवला आणि 2008 मध्ये वारशाच्या यादीत घेतला तो आदिवासी समाजांचा मृतांसाठीचा उत्सव. मिरवायला पुढे झाले ते मात्र सबंध राष्ट्र. ‘मेक्सिकन माणूस मृत्यूला हसतो’ हे वाक्य मला तर सरळ अन्यायाचे वाटते. मिश्किकच्या दफनभूमीत रात्रभर बसलेली माणसे रडतातही, आणि तरणाताठा मुलगा गेलेली आई मेक्सिकन आहे म्हणून तिचे दुःख रंगीत होत नाही.

या आक्षेपाची सगळ्यांत जळजळीत साक्ष चित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा याच्या मरणात आहे. पिसांची हॅट घातलेली ती सांगाड्याची बाई, जिला आज जग ‘ला कात्रीना’ म्हणून ओळखते आणि जिचा मुखवटा रंगवून लाखो लोक मिरवतात, ती याच्या हातची. युरोपीय थाट आणणाऱ्या आपल्याच लोकांची त्याने तिच्यातून टर उडवली होती. दिएगो रिव्हेराने 1947 च्या भित्तिचित्रात तिला पायघोळ पोशाख देऊन मधोमध उभी केली आणि तिथून ती राष्ट्राची झाली. पोसादा स्वतः 1913 मध्ये गरिबीत मेला. त्याला मेक्सिको शहरातल्या दोलोरेस दफनभूमीत गरिबांच्या वर्गातली कबर मिळाली, आणि ठरलेली मुदत संपल्यावर हाडे मागायला कोणीच आले नाही, तेव्हा ती सामाईक खड्ड्यात टाकण्यात आली. ज्याच्या रेघेवर हा सगळा उत्सव सजतो, त्या माणसाला फूल वाहायला जागा नाही. प्रतिमा टिकली, माणूस सुटला. उत्सवातून नाव निसटले की काय होते ते कळायला दुसरे उदाहरण नको.

मग सामूहिक सोहळ्याने नाव राखले असे कुठे घडले? माझ्या मते ते सर्वांत ठळकपणे अमेरिकेत घडले, आणि तेही अशा लोकांकडून ज्यांच्यापैकी कित्येकांच्या आजीने कधी ओफ्रेंदा मांडलेली नव्हती. उत्तर मेक्सिकोतून गेलेल्या कुटुंबांत कबर साफ करणे आणि चर्चमध्ये प्रार्थना एवढीच चाल होती; उंच आरास ही मध्य आणि दक्षिण मेक्सिकोची. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गालेरिया दे ला रासा’ने आणि ईस्ट लॉस एंजेलिसच्या ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ने हा दिवस सार्वजनिक रीत्या साजरा करायला घेतला. ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये त्यामागे कॅरेन बोकालेरो नावाची एक फ्रान्सिस्कन जोगीण आणि मेक्सिकोहून आलेले दोन कलावंत होते. काळ कोणता, हे विसरून चालणार नाही. व्हिएतनामच्या युद्धात मेक्सिकन वंशाची तरुण मुले मोठ्या संख्येने मरत होती. त्याविरुद्ध 29 ऑगस्ट 1970 रोजी याच वस्तीत निघालेल्या मोर्चावर पोलीस तुटून पडले, आणि त्या दिवशी पत्रकार रुबेन सालासार पोलिसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाले. ज्यांचे मरण शहराच्या लेखी मरणच नव्हते, त्यांची नावे रस्त्यावर घेण्यासाठी लोकांनी दक्षिणेकडून एक विधी उसना आणला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने माणसे मरू लागली, आणि कित्येक तरुणांना त्यांच्या घरच्यांनी जिवंतपणीच टाकले होते, तेव्हा मिशन वस्तीतल्या आरासींवर त्यांचे फोटो मित्रांनी ठेवले. रक्ताच्या नात्याने हात झटकले तिथे वस्तीने नाव घेतले. शेतात कीटकनाशकांनी मेलेले मजूर, सीमा ओलांडताना वाळवंटात मेलेली माणसे यांच्यासाठी आरासी उभ्या राहिल्या, याची नोंद रेजिना मार्ची या अभ्यासिकेने सविस्तर केली आहे. शिकागोच्या पिल्सन भागातले मेक्सिकन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय 1987 पासून दर वर्षी मृतांच्या दिवसाचे प्रदर्शन भरवते, आणि तिथेही प्रत्येक आरासीखाली ती कोणासाठी आहे हे लिहिलेले असायला हवे, नाहीतर ती नुसती कलाकृती राहील.

हे राजकारण झाले, विधी कुठे राहिला, असे विचारणारे आहेत. कॅलिफोर्नियात होल्टव्हिल गावाजवळ बेवारसांची एक दफनभूमी आहे. सीमेपलीकडून येताना मेलेल्या, ओळख न पटलेल्या शेकडो माणसांना तिथे पुरले आहे. उघड्या मातीत विटेएवढ्या खुणा, आणि त्यांवर नावाच्या जागी ‘जॉन डो’ किंवा ‘जेन डो’. इथे कोणी येऊन लाकडी क्रूस रोवला आणि त्यावर ‘विसरलेलो नाही’ असे लिहिले, तर ते राजकारण की प्रार्थना? मला तरी यांत भेद करता येत नाही. तो माणूस निनावी झाला हेच राजकारणाने घडवले. त्याच्यासाठी लावलेली मेणबत्ती आपोआप त्या राजकारणाला जाब विचारते, तिने वेगळी घोषणा दिली नाही तरी.

आता दुसऱ्या टोकाची उदाहरणे. 2015 मध्ये जेम्स बाँडचा ‘स्पेक्टर’ हा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीला मेक्सिको शहरात मृतांच्या दिवसाची प्रचंड मिरवणूक दाखवली होती. अशी मिरवणूक त्या शहरात कधी निघतच नव्हती. पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, सरकारने ती काढली, कारण पर्यटक ती शोधत येणार. त्याआधी 2013 मध्ये डिस्ने कंपनीने आपल्या चित्रपटासाठी चक्क या सणाच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता. मेक्सिकन-अमेरिकन लोकांनी आवाज उठवल्यावर दोन-चार दिवसांत अर्ज मागे घ्यावा लागला. सण विकला जातो, याबद्दल मला फारसे बोलायचे नाही. साखरेच्या कवट्या आणि झेंडू शेकडो वर्षे बाजारातच विकले जातात आणि त्यावर गावेच्या गावे जगतात. माझी हरकत 2016 च्या मिरवणुकीला आहे ती वेगळ्या कारणाने. तिच्यात अवाढव्य सांगाडे होते, नर्तक होते, फुगे होते. मेलेले कोणी नव्हते. पण पुढच्याच वर्षी काय झाले पाहा. 19 सप्टेंबर 2017 च्या भूकंपात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू यावा म्हणून बचाव करणारे मूठ वर करत आणि सगळा रस्ता गप्प होई. त्या ऑक्टोबरच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे बचाव पथके चालली आणि उगारलेल्या मुठीची भव्य प्रतिकृती निघाली. चित्रपटातून जन्मलेली तीच मिरवणूक वर्षभरात त्या शहराची झाली, कारण आता ती कोणासाठी आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून उगम खोटा असेल तर सगळे खोटे, हे मी मिरवणुकीच्या बाबतीतही मानत नाही. परक्या माणसांनी हा दिवस पाळावा की नाही या वादातही माझे उत्तर हेच आहे: मेक्सिकन नसलेला माणूस आपल्या गेलेल्या आईचा फोटो घेऊन सार्वजनिक आरासीपाशी आला, तर त्याचे स्वागत व्हावे, चेहऱ्यावर कवटी रंगवून फोटो काढून गेला, तर त्याने त्या दिवसात भाग घेतला असे म्हणता येणार नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मला नमते घ्यावे लागते. समाजाने मिळून करायचे म्हटले की सक्ती मागोमाग येते. चियापास राज्यातल्या सान हुआन चामुला इथे 1970 च्या दशकापासून हजारो लोकांना गावाबाहेर काढण्यात आले. ते प्रोटेस्टंट झाले होते, गावच्या उत्सवांना वर्गणी द्यायला आणि त्यांतले मद्य प्यायला तयार नव्हते, आणि त्या उत्सवांवर पोसलेल्या गावच्या पुढाऱ्यांना ते परवडणारे नव्हते. हा इतिहास मृतांच्या दिवसापुरता नाही, पण जे कर्तव्य सर्वांचे आहे असे मी म्हणतो, त्याच्या नावावर शेजाऱ्याला घराबाहेर काढता येते, हे त्यातून दिसते. म्हणून मी कर्तव्य म्हणतो ते वाकेचुलाच्या दारासारखे असावे: उघडे असावे, ओढून नेणारे नसावे. ज्याला आत यायचे नाही, त्याच्या घरीही उद्या कोणी मरणार आहे, आणि त्याच्यासाठीही आनिमा सोलाची मेणबत्ती लावली जाणारच आहे.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी लागते ती बेपत्तांच्या घरी. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून सरकारी नोंदवहीत असलेल्यांची संख्या 2022 च्या मे महिन्यात एक लाखाच्या वर गेली. 2014 च्या सप्टेंबरात गेरेरो राज्यातल्या इग्वाला शहरातून आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे 43 विद्यार्थी नाहीसे झाले. इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी फक्त तिघांच्या अवशेषांची ओळख पटली. अशा कित्येक घरांतल्या आया 2 नोव्हेंबरला आपल्या मुलाचा फोटो ओफ्रेंदावर ठेवायला साफ नकार देतात. फोटो ठेवला म्हणजे तो मेला असे आपणच जाहीर केले, आणि मग शोध थांबवायला सरकार मोकळे. तेच फोटो त्या मोर्च्यांत छातीशी धरून चालतात, फक्त आरासीवर ठेवत नाहीत. ओफ्रेंदा ही नुसती मनाची समजूत असती, तर तिच्यावर एक फोटो ठेवायला एवढे घाबरण्याचे कारण नव्हते. तिथे ठेवलेले नाव म्हणजे साऱ्या गावापुढे केलेले विधान आहे, आणि ते खोटे ठरू शकते, म्हणूनच ते खरेही असू शकते, हे त्या आया कोणत्याही तत्त्ववेत्त्यापेक्षा चांगले जाणतात. 2020 मध्ये साथीमुळे दफनभूमी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी 31 ऑक्टोबरपासून तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर करून राष्ट्रीय प्रासादात आरासी मांडल्या. म्हणजे मृतांसाठी सगळ्या देशाच्या वतीने उभे राहणे आपले काम आहे, हे तिथल्या सरकारने स्वतःच मान्य केलेले आहे. मग बेपत्तांच्या बाबतीतही त्याला अंग काढून घेता येणार नाही. सामाईक खड्ड्यांतून निघालेली आणि शवागारांत ओळखीविना पडून राहिलेली हजारो प्रेते कोणाची आहेत ते आधी शोधावे, ज्याचे त्याला नाव परत द्यावे. त्या घरांनी ओफ्रेंदा मांडायची की नाही, ते त्यानंतर त्या घरांना ठरवू द्यावे.